साथीदार मेल्यावर बाकीच्या टीमचं काय होतं? (कथेत म्हणतोय)

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असतो, पण आता अडकलोय म्हणून धागा काढतोय.

माझी कथा चालू आहे, रापणीवरची. तारकर्ली-देवबागचा किनारा डोक्यात ठेवून लिहितोय, गावाचं नाव मात्र खोटं आहे कारण नातेवाईक वाचतात. बावीस माणसांची छोटी रापण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, मग काठावर दोन बाजूंना दोन रांगा उभ्या राहून दोर ओढतात नि जाळं हळूहळू किनाऱ्याला येतं. सहाव्या भागात बाबल जातो. जाळं टाकून होडी परत येताना लाटेत आडवी होते, तो खाली सापडतो. तो भाग लोकांना आवडला, दोघातिघांनी रडू आलं म्हणून पण कळवलं.

पण सातवा भाग टाकला नि माझ्या मावसबहिणीचा फोन, "दादा, ह्यांच्यातलं कोण गेलंय असं वाटतच नाय रे."

आणि ते खरं आहे. रडवलं मी सगळ्यांना भरपूर. पण रडून झालं की ती कामाला लागतात नि मग ती आधीचीच माणसं, बाबल फक्त वजा. एकट्याचं दुःख लिहिता येतं हो, आई, बायको, पोरगा, ते जमतं कसंतरी. पण पूर्ण ग्रुपला काय होतं? ज्याला आपण टीमचं मनोबल वगैरे म्हणतो ते मोडतं म्हणजे नेमकं काय मोडतं नि ते दाखवायचं कसं?

वडाच्या_पारावर
वाचतोय. पुभाप्र, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत (धाग्याचा आणि कथेचा पण).

हापूस_नाही_पायरी
एक आगाऊ प्रश्न. बाबल विनोदी होता का? की लग्न ठरलं होतं?

खाडीपल्याड
विनोदी होता 😐

हापूस_नाही_पायरी
वाटलंच. आपल्याकडे गोष्टीत मरणारा माणूस एकतर सगळ्यांना हसवणारा असतो, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याची हळद असते, नाहीतर "ही शेवटची फेरी, मग दुकान टाकतो" असं तो आदल्या रात्री बोललेला असतो. लेखकाने त्याला मारायलाच पाळलेला असतो, बोकडासारखा. म्हणून गेल्यावर पोकळी राहत नाही, कारण त्याला काही कामच नव्हतं, नुसता गोड होता. कुजका, कंजूष, सगळ्यांशी भांडणारा पण होडी लाटेतून बरोब्बर काढणारा माणूस मारा, मग बघा रापण कशी लंगडी होते ते. हेमावैम (हे माझे वैयक्तिक मत).

कोकमकढी
मिया मालवणीतच लिवतय, कोणाक समाजला नाय तर इचारा.

आधी माका सांग खाडीपल्याड, तू लिवलंस 'दोन दिवसांनी पुन्हा जाळं पडलं'. दोन दिवसांत?? आमच्या वाडयेत माणूस दर्यात गेलो तर बाराव्यापर्यंत होडयो वर ओढून ठेवतत. कोणाक सांगूचा लागणा नाय. आणि मगे तेराव्या दिवशी सकाळी सगळे काठार येवन बसतत, बिडयो ओढतत, वाऱ्याच्या गजाली करतत, पण होडयेक हात कोण लावणा नाय. पयलो कोण उठता ता बघीत रवतत. जो उठता तेका सगळे मनात गाळी घालतत, काळीज नाय मेल्याक म्हणान. आणि तो उठलो नाय तर सगळ्यांचीच चूल थंड. ता लिव मरे. रडणा कित्याक लिवतंस, रडणा सगळ्यांका येता.

सुरंगी
कोकमकढीशी हजारदा सहमत. चुलीवरून आठवलं म्हणून लिहिते.

आमच्याकडे माणूस गेला की घरात चूल पेटत नाही, शेजारून पेज येते, भात येतो, नि कोणीतरी म्हातारी जबरदस्तीने दोन घास खायला लावते, खा गो बाय, उपाशी राहून तो परत येणार आहे काय. हाच सीन ग्रीकांच्या इलियडमध्ये आहे आणि मला तो लढायांपेक्षा जास्त आवडतो. जिवलग मित्र पॅट्रोक्लस मेल्यावर अकिलीस सगळ्या सैन्याला म्हणतो, आत्ताच्या आत्ता लढायला चला. त्याला सूड हवाय, भूक नाहीये. तेव्हा ओडिसियस त्याला सांगतो की बाबा, ही माणसं उपाशीपोटी दिवसभर नाही लढू शकणार, आधी जेवण, मेलेल्यांचा शोक पोटाने करायचा नसतो. अकिलीस ऐकत नाही, तो खातच नाही, शेवटी देवीला येऊन त्याच्या अंगात अमृत सोडावं लागतं म्हणजे लढताना गळून पडू नये.

म्हणजे बघा ना, एकाच छावणीत एक जण दुःखाने पेटलेला नि बाकी हजारो लोक दुःखी आहेत पण त्यांना भूक पण लागलीय. आणि त्याची लाज वाटतेय. मला वाटतं टीमचं दुःख हे असं दिसतं, सगळे एकाच वेळी एकसारखे दुःखी नसतात आणि त्यावरून एकमेकांचा राग येतो. तुमच्या सातव्या भागात एकवीसच्या एकवीस जण एकाच दिवशी रडतात नि एकाच दिवशी सावरतात, शाळेच्या पीटीसारखं. (रागावू नका.)

खाडीपल्याड
रागावलो नाही, पीटी लागलं मात्र 😄

जुनी_बखर
आता थोडं आमच्या पेठेतलं.

मनोबल मोडणे आणि परत उभं राहणे ह्याची मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आपण शाळेत ऐकलीय नि नीट बघितली नाहीये. ४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा. तानाजी पडला. आपलाच माणूस, पोलादपूरजवळचं उमरठ गाव त्याचं, समाधी तिथेच आहे. म्होरक्या पडल्यावर मावळे मागे फिरले, ज्या दोरांनी वर आले त्याच दोरांकडे पळायला लागले. शूर लोक होते हो, रात्रीच्या अंधारात कडा चढून आलेले. पण चढले ते त्याच्या भरवशावर, तो नाही म्हटल्यावर परत उतरायचा दोर तेवढा दिसायला लागला. नि मग सूर्याजीने दोर कापले, आता पळालात तर कड्यावरून उड्या माराव्या लागतील. इतिहासकार म्हणतील दोर कापल्याचा प्रसंग लोकांच्या तोंडचा आहे, म्हणू देत, आपण इथे गोष्टीबद्दलच बोलतोय नि गोष्ट म्हणून ती शंभर नंबरी आहे. कारण सूर्याजी त्याचा सख्खा भाऊ. सगळ्यात जास्त दुःख ज्याला व्हायला पाहिजे त्यालाच रडायला वेळ नाही नि तो आपल्याच माणसांवर ओरडतोय.

उलटं उदाहरण पानिपत, १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले नि लढाईत घुसले. लांबच्यांना काय दिसलं? रिकामी अंबारी. म्हणजे भाऊ पण गेले! फौज फुटली ती तिथून. भाऊ तेव्हा जिवंत होते, लढत होते. बातमी नव्हती कोणाकडे, नुसती अंबारी दिसली. उगाच नाही आपल्याकडे म्हणत की विश्वास तर पानिपतातच गेला.

तेव्हा खाडीपल्याड, तुमच्या कथेत दोन गोष्टी शोधा. लांबून काय दिसलं नि दोर कोणी कापला. होडी उलटली तेव्हा काठावरच्या लोकांना काय दिसलं? कोण गेलं हे त्यांना लगेच कळलं का?

खाडीपल्याड
नाही. आत्ता विचार केल्यावर वाटतंय की काठावरून फक्त उलटी होडी दिसली असणार, नि डोकी मोजली असणार. हे मी लिहिलंच नाही, मी होडीतूनच सांगितलं सगळं. च्यायला.

वायफायवाला_बाळू
हॉस्टेलवरून (रत्नागिरी) सबमिशन सोडून टाइप करतोय. तुम्ही सगळे लई भारी पुस्तकं वाचता, मी गेमवाला माणूस आहे. पण हा प्रश्न गेमवाल्यांनी अक्षरशः आकड्यात सोडवलाय.

एक्सकॉम नावाचा गेम आहे, २०१२चा. तुमची पाच-सहा सोल्जरची टीम असते, त्यातला एक मेला की मेला, परत येत नाही. आणि तो मेला की बाकीच्यांचा विल (मनाचा खंबीरपणा) नावाचा आकडा असतो त्याच्यावरून ठरतं की कोण पॅनिक होणार. पॅनिक झाला की तो तुमचं ऐकत नाही. एखादा जागच्या जागी दबून बसतो, एखादा पळतो, आणि एखादा घाबरून वाटेल तिथे गोळी झाडतो, कधी कधी आपल्याच पोराला लागते. मग दुसरा मेला की तिसरा पॅनिक, पत्त्यांचा बंगला. मी एकदा तीन तास खेळून आणलेली टीम दीड मिनिटात घालवलीय आणि त्यात एलियननी फक्त एकच मारला होता, बाकीचं आमचं आम्हीच केलं.

आणि बेसवर गेलं की एक भिंत असते, त्याच्यावर मेलेल्यांची नावं. कोणी सक्ती करत नाही बघायची. पण आम्ही पोरं सोल्जरना मित्रांची नावं देतो नि मग खरंच बघवत नाही ती भिंत. एका मित्राने तर माझं नाव दिलेला सोल्जर मेल्यावर मला मेसेज केला होता, सॉरी यार.

मुद्दा काय, सगळे खचतात असं नाही. ज्याचा विल कमी तो खचतो नि त्याच्यामुळे बाकीचे मरतात. तुमच्या रापणीत कोणाचा विल कमी आहे?

हापूस_नाही_पायरी
बाळू, सबमिशन कर आधी. (पण प्रतिसाद आवडला.)

नो_बॉल
थोडं अवांतर, गोष्टीतलं नाही, खरं आहे, पण गोष्ट लिहिणाऱ्याने बघावं असं.

फिल ह्यूज, ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन. बाउन्सर लागला नि दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबर २०१४ला गेला, नाबाद ६३ वर खेळत होता. ९ डिसेंबरला अ‍ॅडलेडला आपल्याविरुद्ध टेस्ट सुरू झाली. त्याला तेरावा खेळाडू म्हणून संघात ठेवलं, मैदानावर ४०८ रंगवलं, त्याचा टेस्ट कॅप नंबर. वॉर्नर ६३ वर पोचला तेव्हा थांबून वर बघितलं. हे सगळं टीव्हीवर दिसलं नि सगळ्यांना आठवतं.

पण मला आठवतो तो कोहलीचा पहिला बॉल. जॉन्सनचा बाउन्सर, थेट हेल्मेटवर. एरवी हा बॉलर असा बॉल टाकून पुढे येऊन डोळे वटारणारा. आणि त्या दिवशी त्याच्यासकट सगळे ऑस्ट्रेलियावाले धावत आले कोहलीला बघायला, ठीक आहेस ना म्हणून. चेहरे बघण्यासारखे होते. म्हणजे टीम खेळत होती, दोन आठवड्यांत उभी राहिली, शतकं ठोकली, मॅच पण ४८ रननी जिंकली. मनोबल मोडलं म्हणाल तर नाही मोडलं. पण एक बॉल होता जो आता पहिल्यासारखा टाकता येत नव्हता, टाकला तरी.

तुमच्या रापणीतला तो बॉल कोणता ते शोधा.

सुरंगी
नो_बॉल, काटा आला. तो बॉल मी पण बघितला होता, तेव्हा असा विचार नव्हता केला.

कोकमकढी
तो बॉल म्हंजे लाट. जी लाट होडी आडवी केल्यान तेच जागेर रोज होडी काढूक होयी. तांडेल, म्हंजे होडयेचो म्होरको, दर टायमाक थंयसर इल्यार गप होतलो. माका म्हायत आसा, मिया बघितलंय.

रात्रीचो_राजा
उशिरा आलो, काल जत्रेत नाटक होतं, सकाळी सहाला तोंड धुतलं नि झोपलो. (आयडी कळलाच असेल. दशावतारात असतो, तीसेक वर्षं झाली, नि दिवसा काजूच्या बागेत.)

अभिमन्यू वध आम्ही कितीदा केला असेल त्याची गणती नाही. लोकांना चक्रव्यूह आवडतो, लढाई, झांजा, पखवाज. पण मी अर्जुन करतो नि मला विचाराल तर खरं नाटक लढाईनंतर सुरू होतं. युद्धाच्या तेराव्या दिवसाची संध्याकाळ. अर्जुन संशप्तकांशी लढून परततोय, त्याला काही माहीत नाही. महाभारतातच आहे हे, छावणीत वाद्यं वाजत नाहीयेत, नि सैनिक त्याला बघून माना खाली घालून बाजूला होतायत. कोणी काही बोलत नाही. रोज हसत समोर येणारा पोरगा आज का आला नाही, हे तो विचारतो. मी तिथे संवाद फार घेत नाही, नुसता रंगमंचावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो नि प्रत्येकाकडे बघतो. समोरच्यांनी नजर चुकवायची. बस. पब्लिकमधल्या म्हाताऱ्या पदर लावतात डोळ्याला.

आणि धर्मराज. पोरगा म्हणाला होता मला आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. धर्मराज म्हणाला तू वाट फोड, आम्ही मागून आलोच. नि जयद्रथाने चौघांना दारातच अडवलं. म्हणजे त्या छावणीत शत्रूने मारला हे दुःख आहेच, पण आपण पाठवला नि आपण पोचलो नाही, हे त्याच्याहून मोठं. अर्जुन प्रतिज्ञा करतो, उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथ नाहीतर मी. सगळी छावणी त्या प्रतिज्ञेला लटकते कारण आता करायला काहीतरी आहे. पण भावाच्या तोंडाकडे तो कसा बघतो ते आम्ही ज्याच्या त्याच्यावर सोडतो.

नि दुसऱ्याच रात्री घटोत्कच जातो. तेव्हा युधिष्ठिर रडतोय आणि श्रीकृष्ण आनंदाने नाचतोय, कारण कर्णाची शक्ती, ते एकदाच वापरता येणारं अस्त्र, संपली, अर्जुन वाचला. एकाच टीममधला एक माणूस मेला नि टीममधलाच एक नाचतोय. सुरंगीताई म्हणाल्या तेच, सगळे एकसारखे दुःखी नसतात.

आता माझं. आमच्या कंपनीत स्त्रीपार्टी करणारा एक होता, माझ्यासमोर सतरा-अठरा वर्षं. मी शंकर तर तो पार्वती, मी हरिश्चंद्र तर तो तारामती. आमच्याकडे लिहिलेले संवाद नसतात, कथा ठरलेली नि बोलणं तिथल्या तिथे. तो गेला, हार्टचं झालं, मे महिन्यात. नाटकं ठरलेली होती, नाईकाने नवीन पोरगा उभा केला, हुशार पोरगा, आवाज तर त्याच्याहून गोड. पहिल्या रात्री मी एक वाक्य बोललो नि थांबलो. तो तिथे नेहमी एक हुंकार द्यायचा, शब्द नाही, नुसता "हंऽऽ", नाक मुरडून, की मग मी चिडायचो नि पुढचं सुचायचं. पोरग्याला काय माहीत. तो माझ्या तोंडाकडे बघतोय, मी त्याच्याकडे. पेटीवाल्याने ओळखलं नि सूर धरला, त्याने सांभाळून घेतलं. प्रेक्षकांना वाटलं राजा दुःखात आहे.

त्या वर्षी आमची नाटकं वाईट झाली नाहीत. पण सगळी लवकर संपायची. चारला संपणारं तीनला संपायचं. कोणी ठरवलं नव्हतं. मोकळ्या जागा आम्ही सगळेच भरायला घाबरत होतो.

जुनी_बखर
दंडवत स्वीकारावा.

हापूस_नाही_पायरी
माझी खवचट बडबड मागे घेतो. "सगळी लवकर संपायची". ह्याच्यापुढे काय लिहिणार.

(नाही, एक लिहितो. शोलेत जय गेल्यावर मागे टीमच उरत नाही, एकटा वीरू, म्हणून तिथे सूड चालून जातो. एकवीस माणसं सूड कोणावर घेणार, लाटेवर? तेव्हा खाडीपल्याड, प्लीज आठव्या भागात खलनायक पर्ससीनवाला (मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या बोटीवाला) आणू नका, तुमची गाडी तिकडे वळतेय असा संशय आहे.)

खाडीपल्याड
वळणार होती 😐 वळवत नाही.

रात्रीचो_राजा, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री झोपलो नाही, उठून सातवा भाग पहिल्यापासून लिहायला घेतला. एक तुकडा टाकतोय, कच्चा आहे.

"दोर ओढताना रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडतो, वाळूवरून चालत पाण्यापाशी जातो नि तिथे पुन्हा धरतो, मग तो पहिला. असा फेरा. उत्तरेकडच्या रांगेत अकरा होते तेव्हा मध्ये दम खायला वेळ मिळायचा, कोणी तंबाखू मळायचा. आता दहा. फेरा लवकर यायला लागला. किती लवकर, तर तंबाखू मळून होते पण तोंडात टाकायची राहते एवढाच. पण पहिल्या दिवशी दहाही जणांची तंबाखू हातातच राहिली, नि कोणी कोणाकडे बघितलं नाही."

सुरंगी
हे. हे पाहिजे होतं. आता मावसबहिणीला फोन करा.

वडाच्या_पारावर
तंबाखू!! 👏

वायफायवाला_बाळू
सबमिशन झालं. तुकडा मस्त. विल कमी असलेला कोण ते पण सांगा कधीतरी.

कोकमकढी
तुकडो बरो जमलो. पण एक चूक आसा. सहाव्या भागात माणसां बावीस, बाबल मेलो, म्हंजे एकवीस. आणि सातव्यात शेवटाक तू लिवलंस 'वाळूवर बावीस वाटे घातले'. जाळ्याचो वाटो धरलंस काय? धरलंस तर पयल्यापासून तेवीस होये होते.

खाडीपल्याड
अरे देवा. नाही, जाळ्याचा वेगळा काढलाय आधीच, साफ चुकलं. दुरुस्त करतो.

किंवा थांबा. राहू दे. वाटे घालणाऱ्याचीच चूक असं दाखवलं तर? सवयीने बावीस घातले नि मग लक्षात आलं, सगळे त्या एका ढिगाकडे बघतायत. कसं वाटतं?

हापूस_नाही_पायरी
फिल्मी. एक ताट जास्त वाढलं, त्यातलंच.

कोकमकढी
फिल्मी नाय, चुकीचाच आसा ता. वाटे बावीसच पडतले. मेलेल्याचो वाटो घरात जाता तेच्या, बायलेक. ती टोपली घेवन येता नायतर कोणतरी पोचयता. म्हणान तुझो आकडो बरोबर आसा, फक्त तुका म्हायत नव्हता कित्याक बरोबर.

खाडीपल्याड
हे मला खरंच माहीत नव्हतं. किती दिवस देतात?

कोकमकढी
लिवलेला काय नाय. मासळी बरी मिळाली तर कोण काय बोलणा नाय. शिमग्यापर्यंत देतत साधारण. मगे एक दिस बांगडे कमी येतत, दोन टोपल्यो, आणि कोणतरी हळूच इचारता, ह्यो वाटो अजून किती दिस?

खाडीपल्याड
कोण विचारतं? तांडेल?

कोकमकढी
तांडेल कित्याक इचारीत, तेका जास्तीचो गावता. जो दोरार बाबलाच्या बाजूक उभो रवी, तोच इचारता. तेची पोरां ल्हान.